पान्यानं की पानानं?

मित्रांनो, मी किन्हीराजा गावच्या रुपाबाईची जुनी, पसरट काशाची वाटी. वाशीमच्या कासारानं मला घडवून नखानं टिचकी मारली, तेव्हा मी अशी खणखणले की तो स्वतःच खूश झाला. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा जरा तोराच आहे.

माझं काम एकच, लेकरांच्या सोललेल्या अंगाला लावायचं तूप. कडुनिंबाचा पाला तुपात कढवून गाळायचा. तूप थिजलं की माझ्यात घालून थंड पाण्यासोबत तळव्यानं फेटायचं, पाणी ओतून नवं घ्यायचं. हात भरून येईस्तोवर हेच! शेवटी पांढरंशुभ्र, मऊ मलम होतं.

एका पावसाळ्यात झड लागली आणि लंगोट वाळेनात. शेजारच्या जमीलाच्या तान्ह्या सैफुद्दीनच्या मांड्या सोलल्या. पोरगं दूधही पिईना. पहिलंच लेकरू, जमीलाच्या डोळ्यांचं पाणी खळेना. रुपाबाई शेतात निंदायला निघाली होती. तिनं निंबाचं तूप घालून मला कुंपणावरून दिलं आणि घाईत म्हणाली, "पान्यानं धू वं, पांढरं होईस्तोर!"

जमीलाच्या माहेरची बोली उर्दू. तिनं ऐकलं, 'पानानं'. झालं! सासूची खायची पानं काढून बसली बिचारी तूप घासत. तूप हिरवंगार झालं, पांढरं व्हायचं नाव नाही.

"जमीला, माह्ये पानं कायले नासून राह्यली वं?" सासू अमीनाबी कडाडली.

विसरलेला विळा न्यायला रुपाबाई परतली, तिनं ते ऐकलं. "अवं माय! पानानं नाही, पान्यानं! घागरीतलं पानी!"

तिघी पोट धरधरून हसल्या. रुपाबाईनं नवं तूप आणलं आणि आळीपाळीनं धुतलं. निंदण राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी सैफुद्दीन पोटभर दूध पिऊन झोपला. काय सांगू, जीव भांड्यात पडला माझा!

पुढे बाजारातून मलमाची डबी आली आणि मी कोंबड्यांच्या पाण्याला लागले. कोणीतरी आपटलं, तडा गेला. माझा आवाज बसला. फार वाईट वाटलं.

मग एक दिवस उंचापुरा सैफुद्दीन दारात उभा! त्याच्या लेकीला तोच त्रास. "रुपामाय, वाटी हाये का वं?"

म्हाताऱ्या रुपाबाईनं मला राखेनं लख्ख घासलं. "ने बापा. पन बायकोले सांगजो..."

"ठाव हाये," तो हसला, "पानानं नाही, पान्यानं!"

तर मित्रांनो, काशाचं भांडं आपटू नका, गेलेला आवाज परत येत नाही. परवा ती चिमुकली खुदकन हसली, तेव्हा मी हौसेनं खणखणायला गेले. नुसतं 'थप्प' झालं. पण पोरीनं मान वळवून पाहिलं हो!