पेरूचं फूल कोणाचं

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या पोटात तीन भाषांचा ब्लॉग आहे, आणि मित्रांनो, छातीठोकपणे सांगतो, तिन्ही भाषांत अगदी एकच गोष्ट लिहिलेली आहे. म्हणजे जूनपर्यंत तरी होती.

माझी पहिली सहा वर्षं दवाखान्यात पेशंटची नावं लिहिण्यात गेली. तेव्हा मला रोज पुसायचे. मग बिजागरी मोडली आणि मी इताउग्वा गावात एलिहियाकडे आलो. ती न्यांदुती विणते, कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस. माझी बिजागरी तिने लेसच्या दोऱ्यानेच बांधली. त्याच दिवशी माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीही लावली. मी काय बघणार होतो कुणास ठाऊक.

राजधानीतल्या प्रदर्शनात यंदा एकच नवा नमुना लागणार होता, आणि परीक्षक तो ब्लॉगवरून निवडणार होते. एलिहियाने पेरूचं फूल नव्या तऱ्हेने विणलं होतं. तीन वर्षं घातली होती त्यात. ते आपल्या नावाने लागावं, एवढंच तिला हवं होतं.

ब्लॉग मांडून दिला तो जर्मन वस्तीतल्या मधवाल्या एवाल्डने.

"फुकट का करताय?" एलिहियाने विचारलं.

"तुम्ही बर्फ घातलेला तेरेरेचा चहा पाजता ना."

"ते तर मी दारात येईल त्याला पाजते. तुमचं काय ते सांगा."

एवाल्डने माझ्यात तीन कप्पे केले: स्पॅनिश, इथली मूळची ग्वारानी, आणि जर्मन. कप्प्यात साधा मजकूर टाकायचा, एक आज्ञा द्यायची, की मी प्रत्येक फाईलचं पान करतो. वर 'मसुदा' लिहिलं असेल तरच ती वगळतो.

"लेखिकेचं नाव काय घालू?"

"माझं नको. इंटरनेटवर चोर असतात. सध्या वन्संचं घाला, परीक्षक बघायच्या आधी बदलू."

वन्सं म्हणजे नणंद देओलिंदा. रेडिओवर ग्वारानी बातम्या वाचून निवृत्त झालेली. ग्वारानी कप्पा तिचाच. एवाल्डने तिचं नाव एकदा लिहिलं, आणि ते तिन्ही भाषांत पानापानाखाली उमटलं.

दुपारी तिघं आंब्याखाली बसायची. तेरेरेचा ग्वाम्पा, म्हणजे शिंगाचा पेला, ज्याच्या हातात, त्याने तो रिकामा करूनच परत द्यायचा. माझंही त्यांनी तसंच ठरवलं. मी ज्याच्या मांडीवर, त्याने कप्प्यातलं सगळं आपल्या भाषेत उतरवायचं, मगच मला पुढे द्यायचं. अर्धवट ठेवणं वाईट दिसतं.

आता एलिहियाने आपल्या स्पॅनिश कप्प्यात एक गुपचूप यादी केली होती, कोणावर लक्ष ठेवायचं त्याची. 'देओलिंदा माझं पेरूचं फूल चोरते. एवाल्ड मधात पाणी घालतो. हा लॅपटॉप ऐकतो.' फाईलचं नाव तिने 'चिपाची कृती' ठेवलं, चिपा म्हणजे चीज घातलेला पाव, आणि वरचा 'मसुदा' खोडला. मसुदा म्हटलं की लोकांना वाटणार, इथे काहीतरी लपवलंय.

एवाल्डने कृती उघडली. वाचली. मिशी पुसली. शब्द न शब्द जर्मनमध्ये उतरवला आणि खाली टीप दिली: 'आरोप खोटा आहे. भाषांतर बरोबर आहे.'

मग मी देओलिंदाकडे गेलो.

"वहिनी, चिपात चीज किती घालता हो तुम्ही?"

"का?"

"काही नाही. कृती जरा तिखट वाटली."

तिने ग्वारानीत लिहिलं, 'एलिहिया माझं पेरूचं फूल चोरते.' एलिहिया ग्वारानीत जन्मभर भांडली आहे, पण ती वाचायला तिला कोणी शिकवलं नाही.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही लिहिलंय तेच. नावं जरा मागेपुढे झाली असतील."

एलिहियाने डोळे बारीक केले, पण नेमका तेव्हा ग्वाम्पा तिच्या हातात आला. तो रिकामा होईपर्यंत एवाल्डने आज्ञा देऊन टाकली होती. मी पानं केली. नाव बदलायचं राहिलं.

परीक्षकांनी तिन्ही भाषा वाचल्या. स्पॅनिश आणि जर्मनमध्ये देओलिंदा सांगत होती की देओलिंदाने तिचं फूल चोरलं. याचा त्यांना अर्थ लागेना. ग्वारानीत देओलिंदा सांगत होती की एलिहियाने चोरलं. याचा लागला.

मित्रांनो, मी कोणाचं ऐकत नव्हतो. मला जे दिलं, त्याची मी पानं केली. घरातल्या जुन्या यंत्राला जपा, त्याला पुसा, त्याच्यावर बर्फाचा थर्मास ठेवू नका. आणि कॅमेरा झाकण्याआधी, पानाखाली नाव कोणाचं आहे तेवढं बघा.

सप्टेंबरात पेरूचं फूल प्रदर्शनात लागलं. खाली देओलिंदाचं नाव होतं. शेजारी, काचेखाली, चिपाची कृती लावली होती.