स्विचवरचं घड्याळ

"पाच मिनिटं चालतो, मग लाल दिवा लागतो आणि बंद," कप्तान म्हणाला. "सकाळपासून सहा वेळा चालू केला. चारला पाहुणे चढणार. त्यांत माझी सासू आहे, थंडीवाले. ती तापली तर कुठलं बटण दाबायचं ते मला अजून सापडलेलं नाही."

थंडीवाले हसले नाहीत. ते कठड्यावरून वाकून बोटीच्या बाहेरच्या अंगाचं एक भोक बघत होते. घरातला एसी आपली उष्णता हवेत टाकतो, बोटीतला पाण्यात. समुद्राचं पाणी तळातून आत येतं, यंत्राची उष्णता उचलतं आणि त्या भोकातून करंगळीएवढ्या धारेनं बाहेर पडतं. एसी घरघरत होता आणि भोक कोरडं होतं.

"बंद करा," ते म्हणाले.

"पाणी आत येतं तिथल्या जाळीत शेवाळ अडकलं असेल," कप्तान म्हणाला.

"जाळी कालच धुतली मी."

"मग रात्रीत वाढलं असेल. पाणी बघा कसलं झालंय."

धक्क्यावरच्या बोटींचे एसी ते एकतीस वर्षं दुरुस्त करत होते. त्यांचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, पण ती 'अहो' म्हणायची.

जाळी उघडायची तर आधी पाणी आत घेणारा व्हॉल्व बंद करावा लागतो, नाहीतर समुद्र बोटीत येईल. आणि काम झाल्यावर तो उघडायचा राहिला तर पंप कोरडा फिरून जळतो. पहिल्याच वर्षी त्यांनी असा एक पंप जाळला होता. तेव्हापासून व्हॉल्व बंद करण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून एसीच्या स्विचला अडकवत. स्विच लावायला गेलं की घड्याळ मध्ये येई, आणि घड्याळ दिसलं की व्हॉल्व आठवे. काहींनी चेष्टा केली, काहींनी सवय उचलली. त्यांच्या हातून पुन्हा पंप जळला नाही.

आताही त्यांनी घड्याळ अडकवलं, तळावरची फळी उचलली, पालथे झोपले आणि व्हॉल्व बंद करायला हात खाली घातला.

हँडल पाइपाला आडवं होतं. म्हणजे बंदच होतं.

ते तसेच पडून राहिले. काल जाळी धुतली, झाकण लावलं, हँडलच्या बुडाशी ग्रीस लावलं, घड्याळ घातलं. व्हॉल्व उघडल्याचंही आठवत होतं, अगदी हाताला लागलेल्या जोरासकट. पण हे कालचं आठवत होतं की आधीच्या हजार वेळांचं, ते ओळखायला काही खूण नव्हती.

कप्ताननं वाकून पाहिलं. "हे तर बंद आहे. लांब्या, इकडे ये."

लांब्या बोटीवरचा खलाशी. चाळिशी उलटलेला, दारातून जाताना वाकणारा. मागच्या महिन्यात त्याच्या हातून दोर सुटून बोट धक्क्यावर घासली होती, तेव्हापासून कप्तान त्याला काढायला निमित्त शोधत होता.

"काल संध्याकाळी तळ तूच पुसलास ना?"

"हो. पण हँडलला हात नाही लावला, साहेब."

"दोरालाही नव्हता लावलास. तो आपला आपण सुटला."

"खरंच नाही लावला."

"सामान भर आणि उतर. पाहुणे यायच्या आत."

लांब्या जागचा हलला नाही. थंडीवाल्यांनी काही बोलायची गरज नव्हती. व्हॉल्व उघडला असता, पंप बदलला असता, आणि एकतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती.

"कप्तान, टॉर्च इकडे धरा," ते म्हणाले. "हँडलच्या बुडाशी. काय दिसतंय?"

"ग्रीस."

"कसं?"

"कसं म्हणजे? लावलंय तसं. बोट फिरवल्याची खूण आहे."

"माझा अंगठा आहे तो. काल व्हॉल्व बंद असताना लावलं. नंतर हँडल एकदा जरी फिरलं असतं तरी तो थर फाटला असता. फाटलाय?"

कप्ताननं टॉर्च जवळ नेला. थर अखंड होता.

"मी उघडलाच नाही," थंडीवाले म्हणाले. "घड्याळ घातलं आणि गेलो."

कप्ताननं टॉर्च विझवला. मग म्हणाला, "होतं असं कधीकधी, काका."

आजवर तो त्यांना कधी काका म्हणाला नव्हता.

पंपाचा दांडा अडकून बसला होता. स्कूटरच्या डिकीत दुसरा पंप होता, तो त्यांनी बसवला. लांब्यानं टॉर्च धरला आणि न सांगता योग्य पाना पुढे केला. पावणेचारला भोकातून धार पडली. चारला सासूबाई चढल्या आणि आत पाऊल टाकताच म्हणाल्या, फार गार आहे.

घरी बायको फोनजवळ वही घेऊन बसली होती. कामं लिहून घेणं तिच्याकडे होतं.

"उद्या तीन आहेत," ती म्हणाली.

"नाही म्हणून कळव. पुढचीही घेऊ नकोस."

"का?"

त्यांनी सगळं सांगितलं, ग्रीससकट. तिनं वही मिटली.

"पंधरा दिवसांपूर्वी किल्ली दाराला बाहेरूनच होती, रात्रभर," ती शेवटी म्हणाली. "मी बोलले नाही."

"बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही मनगटावरचं घड्याळ पुढे केलं असतंत. तीस वर्षांत एक पंप जळला नाही म्हणून."

त्यांचा हात मनगटाकडे गेला.

"काढा ते घड्याळ."

"कशाला?"

"उद्या मी येते. व्हॉल्व बंद केलात की घड्याळ माझ्या हातात. हँडल मी डोळ्यांनी बघेन, मगच परत मिळेल."

"तुला तळात वाकता येईल?"

"तुमचं पोट मावतं तिथे. मी मावेन."

तिनं घड्याळ घातलं. ते घसरत कोपरापर्यंत गेलं. मग तिनं त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून भोक पाडायचा टोच्या काढला, आपल्या मनगटाचं माप घेऊन पट्ट्यावर नखानं खूण केली आणि पट्टा टेबलावर ठेवला. एवढ्या वर्षांत एकच भोक वापरून ते लांबट झालं होतं. नवं त्यापासून बरंच आत येणार होतं.

"हलतोय," ती म्हणाली. "धरा."

त्यांनी पट्ट्याची दोन्ही टोकं ताणून धरली.