आराखड्यातला वळसा

स्टेशनभोवती वर्तुळ काढण्याइतकं सोपं काम जगात नाही. मध्ये टोक रोवायचं, पाचशे मीटरची त्रिज्या घ्यायची आणि गर्रकन फिरवायचं. आत येतील ती माणसं सुखी. दहा मिनिटांत चालत स्टेशन गाठतील, रिक्षावाल्याशी हुज्जत घालणार नाहीत, स्कूटरचे हप्ते भरणार नाहीत. नगररचनाकार म्हणून गार्गीने आजवर अशी पुष्कळ वर्तुळं काढली होती आणि त्यातलं एकही तिला कधी नडलं नव्हतं. विक्रोळीत एलबीएस रोडवर होऊ घातलेल्या मेट्रो स्टेशनचं वर्तुळ मात्र नडलं, कारण त्याच्या आत तिचं स्वतःचं घर होतं.

तसं तिने पहिल्याच दिवशी तिच्या बॉसला, मुकुलला, सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "झकास! तुला तिथली गल्ली न् गल्ली पाठ असणार." विषय संपला.

काम मोठं होतं आणि गार्गीचा त्यावर मनापासून विश्वास होता. स्टेशन आलं की जागेचे भाव चढतात, मग टॉवर येतात, टॉवरखाली पार्किंगचे मजले येतात आणि रोज चालत जाणारा माणूस तेवढा लांब फेकला जातो. तसं होऊ नये म्हणून आधीच ठरवायचं. उंच इमारती कुठे, भाड्याची छोटी घरं कुठे, भाजीवाल्यांची जागा कुठली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायवाटा कुठून. स्टेशन कितीही चकाचक बांधा, तिथे पायी पोचता येत नसेल तर शेजारच्यांना त्याचा काय उपयोग, असं ती प्रत्येक बैठकीत सांगायची.

आता जागा बघा. वर टेकडीच्या उतारावर सातेरी चाळ. सिंधुदुर्गातून आलेली घरं, आजोबा गिरणीत होते, नातवंडं कुरियरपासून नर्सिंगपर्यंत सगळीकडे. तिच्या खाली स्नेहवर्धन सोसायटी, गार्गीची. सोसायटीच्या खाली एलबीएस रोड आणि त्यावर स्टेशन. म्हणजे चाळीतून सरळ खाली उतरलं की सोसायटी, सोसायटीतून बाहेर पडलं की स्टेशन. सोसायटीच्या मागच्या बाजूला फाटकही होतं. पूर्वी ते दिवसभर उघडं असे. मग कधीतरी कुणाची मोटरसायकल चोरीला गेली आणि फाटकाला कुलूप लागलं. चोर सोसायटीतल्याच एका भाडेकरूचा मेहुणा निघाला, त्याला पोलिसांनी धरलंही, पण कुलूप तसंच राहिलं. तेव्हापासून चाळीतली माणसं बंद पडलेल्या कारखान्याला वळसा घालून, उतारावरचा जिना उतरून, पंचवीस मिनिटं चालून रोडवर येतात.

गार्गीने पहिल्या खर्ड्यात पायवाट फाटकातून सरळ नेली होती. ती रेघ ओढताना तिला बरं वाटलं होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर बाबा आले.

तिचे बाबा, शरच्चंद्रराव, पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले आणि गेली कित्येक वर्षं सोसायटीचे अध्यक्ष. आवाज चढवणारा माणूस नव्हे. ते फक्त मुद्दे मांडत. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या मुद्द्याला समोरचा उठून जाई. गार्गीला सगळं आधीच ऐकू आलं. जेवताना मुद्दे, चहाला मुद्दे, सोसायटीच्या ग्रुपवर मुद्दे, शिवाय लिफ्टमध्ये शेजाऱ्यांचे टोमणे. घराचा आखाडा होणार. एका संध्याकाळी तिने ती रेघ पुसली आणि वाट कारखान्याच्या आवाराच्या कडेची पट्टी घेऊन फिरवली. मन खात होतं म्हणून वाटेवर दिवे घातले, बाकं घातली, दोन ठिकाणी बहावा लावला. मुकुलने पाहिलं आणि मान डोलावली. "बरं केलंस. सोसायट्या लगेच कोर्टात जातात. हात दाखवून अवलक्षण कशाला!"

आराखडा जाहीर झाला. बाबांनी त्याच्या दोन मोठ्या प्रती छापून आणल्या, एक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली आणि एक जेवणाच्या टेबलावर पसरली. "स्टेशन पाच मिनिटांवर आणि आपल्या आवाराला धक्कासुद्धा नाही," ते म्हणाले. "याला म्हणतात नियोजन." इतका अभिमान त्यांनी तिच्या पदवीच्या वेळीही दाखवला नव्हता. गार्गीला तो घशाखाली उतरेना.

आई, सुनंदा, चष्मा लावून नकाशावर वाकली होती. वरच्या मारुतीच्या देवळात भजनी मंडळ भरतं, त्यात ती वीस वर्षं गायली. चाळीतल्या शेवंतीकाकू पेटी वाजवायच्या आणि आई पुढे म्हणायची. फाटक बंद झालं आणि पाठोपाठ आईचे गुडघे गेले. तो वळसा घालून चढणं तिला जमेना, तशी भजनंही सुटली. त्याबद्दल ती कधी तक्रार करत नसे.

"गार्गी, ही वाट इथे वळते का गं?" आईने बोट ठेवून विचारलं.

"खाजगी जागा आहे ना आई. सोसायटीची."

"आणि हा बंद कारखाना? त्याच्या आवारातून तर तू सरळ रस्ता काढलायस. तो खाजगी नाही?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"असं होय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," आई म्हणाली आणि पानं घ्यायला उठली. गार्गीला वाटलं, सुटले. आईला ती ओळखत नव्हती असं नाही, पण माणूस सोयीचं तेवढंच ओळखतो.

हरकती-सूचनांची सुनावणी शनिवारी दुपारी पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. मधोमध अधिकारी, शेजारी मुकुल, आणि पडद्यावर नकाशा दाखवायला गार्गी. दुकानदार आले, पार्किंग वाढवा म्हणणारे आले, स्टेशनला आपल्या भागाचं नाव द्या म्हणणारे तर दोन गट आले आणि आपसात भांडून गेले. बाबा तिसऱ्या रांगेत पांढराशुभ्र शर्ट घालून बसले होते. आई त्यांच्या शेजारी.

मग शेवंतीकाकू उठल्या. चाळीतल्या सात-आठ बायका त्यांच्याबरोबर होत्या. गार्गीला वाटलं, आता त्या फाटकाचं काढणार.

"सायब, वाट बरी केल्यात," काकू म्हणाल्या. "दिवे घातल्यात, बरा झाला. वळसो चलात आमका, सवय झाली हा. फक्त जिन्याक कठडो घाला. पावसात म्हातारी माणसां घसरतत."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. काकूंनी पडद्याजवळ उभ्या असलेल्या गार्गीकडे पाहून, घरच्या पोरीकडे बघून हसावं तसं हसून, मान हलवली. त्या भांडल्या असत्या तर गार्गीने उत्तर दिलं असतं. तिच्याकडे उत्तरं तयार होती. पण वळशाला हो म्हणून कठडा मागणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? तिला स्वतःची लाज वाटली, सरळ सरळ लाज.

"अजून कुणी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आई उठली. गुडघ्यावर हात देत, हळूच. बाबांना वाटलं पाणी प्यायला निघाली, त्यांनी पाय बाजूला घेतले.

"माझं नाव सुनंदा. मी स्नेहवर्धन सोसायटीत राहते. मला एवढंच विचारायचंय, की चाळीकडून येणारी वाट आमच्या सोसायटीला वळसा का घालते? मागे फाटक आहे, आतून रस्ता आहे. कारखान्याच्या आवारातून वाट नेलीत, मग आमच्यातून का नाही?"

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. सोसायटीची माणसं वळून वळून बघू लागली. बाबांचा चेहरा कोरा होता. मुकुल गार्गीच्या कानाशी लागला, "तांत्रिक अडचण म्हण. जमिनीच्या लेव्हल्स म्हण, ड्रेनेज म्हण, काहीही म्हण यार."

लेव्हल्स म्हणता आल्या असत्या. हॉलमधल्या कुणालाही ते कळलं नसतं. बाबांना मात्र कळलं असतं. त्या आवारातले पाण्याचे पाइप त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतले होते.

"तांत्रिक कारण काही नाही," गार्गी म्हणाली. आवाज तिचाच तिला परका वाटला. "तिथे माझं घर आहे. घरी वाद नको म्हणून मी वाट फिरवली."

मागे कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "याची नोंद घ्या. या पायवाटेचा फेरविचार होईल. आणि संबंधित सोसायटीचं म्हणणंही घेतलं जाईल."

सुनावणी आटोपल्यावर मुकुल ओरडला नाही. "सोमवारपासून तू घाटकोपरचं काम बघ," एवढंच म्हणाला. "हे आता तुझ्याकडे ठेवता येणार नाही, कळतंय ना?" तिला कळत होतं. दीड वर्षं जीव ओतलेलं काम एका वाक्यात गेलं होतं.

दारात शेवंतीकाकूंनी आईचा हात धरला. "कित्याक गो सुनंदाताई? चेडवाक, आपल्याच पोरीक, असा लोकांत उघडा पाडतत?"

"मी फक्त विचारलं," आई म्हणाली. "सांगितलं तिचं तिनं." पण तिचे डोळे भरले होते.

 घरी येऊन बाबांनी शर्ट बदलला आणि ते खुर्चीत बसले. गार्गी समोर उभीच राहिली, शाळेतल्यासारखी.

"मला विचारलं का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

"नाहीच म्हणालो असतो. चार कारणं दिली असती, त्यातली दोन तरी खरी आहेत. आतल्या रस्त्यावर मुलं खेळतात, उद्या तिथून स्कूटरी घुसतील. भांडण झालं असतं. मग? आपण काय पहिल्यांदा भांडलो असतो?" ते थांबले. "तू मला न विचारता माझ्या वतीने नाही म्हणालीस. त्या शेवंतीबाईंना न विचारता त्यांच्या वतीने चालेल म्हणालीस. आणि मी वेड्यासारखा तो कागद बोर्डावर लावून आलो."

हे त्यांनी मुद्दा म्हणून सांगितलं नाही. ते दुखावले होते आणि ते गार्गीने पहिल्यांदाच इतकं उघड पाहिलं. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

"चुकलंच. आता सभा लावतो. पुढच्या रविवारी, सगळ्या सभासदांची. फाटक उघडायचं की नाही, हाच विषय. आणि आत्ताच सांगून ठेवतो, मी विरोधात हात वर करणार."

"करा. पण चाळीतल्यांना कोण विचारणार?"

"विचार ना तू. आता ते काम तुझ्याकडे नाही, तुला कुणाची परवानगीही नको."

उजेड होता तोवर गार्गी निघाली. कारखान्याच्या कडेने, तिनेच नकाशावर दिवे आणि बहावा लावलेल्या त्या वाटेने. तिथे अजून राडारोडा होता आणि चढ चांगलाच होता. चाळीत पोचेपर्यंत तिला धाप लागली. शेवंतीकाकू ओट्यावर कोकम निवडत होत्या.

"काकू, सोसायटीतलं फाटक उघडलं तर तुम्ही तिथून याल ना? तेवढं विचारायला आले."

तिला वाटलं होतं, काकू आनंदाने हो म्हणतील. काकूंनी कोकमं बाजूला सारली.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "तुझो राग नाय. पण थंय वॉचमन बसतलो. खंय जातास, कोणाकडे जातास, नाव लिवा. आमची पोरां रोज सकाळी आपला नाव सांगीत स्टेशनार जातली? रस्तो म्हणशात तर रस्तो होयो. दुसऱ्याच्या घरातसून गेल्यासारख्या नको. त्यापरास वळसो बरो."

गार्गी ओट्याच्या कडेला बसली. दीड वर्षात तिने रुंदी मोजली, चढ मोजला, माणसं मोजली. ही गोष्ट तिच्या कुठल्याच वर्तुळात आली नव्हती, कारण ती कुणाला विचारायलाच गेली नव्हती.

ती परतली तेव्हा बाबा टेबलाशी बसून सभेची सूचना लिहीत होते. आई शेजारी वाटाणे सोलत होती.

"काय म्हणाल्या?" बाबांनी मान वर न करता विचारलं. "हो म्हणाल्या असणार."

"नाही म्हणाल्या."

बाबांनी पेन ठेवलं. गार्गीने काकूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वॉचमन, नाव लिहिणं, दुसऱ्याच्या घरातून गेल्यासारखं वाटणं. ऐकताना बाबांची नजर एकदा आईकडे गेली. गेटवर नाव लिहायची वही त्यांनीच सुरू केली होती. आईने पुढची शेंग सोलायला घेतली.

बाबांनी कागद पुढे ओढला. पहिल्या विषयाखाली त्यांनी दुसरा विषय लिहिला, त्यांच्या वळणदार अक्षरात: फाटक उघडल्यास तिथून जाणाऱ्या कुणालाही नाव किंवा कारण विचारलं जाणार नाही. मग ते वाक्य त्यांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि गार्गीला विचारलं, "बरोबर लिहिलंय ना? त्या हेच म्हणाल्या ना?"

"हेच म्हणाल्या," गार्गी म्हणाली.

त्यांनी खाली सही केली. आपण हात कुठल्या बाजूने वर करणार, हे मात्र त्यांनी पुन्हा सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.