तीन महिने होईपर्यंत

"टोल्युइन मी भरते. तू रीडिंग घे," म्हणत रेनाटेनं ऊर्मिलाच्या हातातली बाटली काढून घेतली. जर्मनीतल्या गार्चिंगच्या त्या लॅबमध्ये रेनाटे सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होती. ऊर्मिलाचं पीएच.डी.चं शेवटचं वर्ष होतं.

"मला येतं की भरता."

"येतं ना. तुला कॉफीही पिता यायची. तीन आठवडे झाले, शिवत नाहीस तिला."

"ॲसिडिटी होते."

"असं होय, माझ्या बहिणीलाही व्हायची. दोनदा झाली. एकीचं नाव आना, दुसरीचं लीझा."

ऊर्मिला हसली नाही. नववा आठवडा चालू होता. कायदा साधा होता: गरोदर बाईनं कळवायचं, आणि त्या दिवसापासून तिला अशा रसायनांजवळ फिरकू द्यायचं नाही. वर ऑफिसात टेबल मिळायचं, पगार चालू राहायचा. कायद्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त तिची सहा आठवड्यांची रीडिंग राहिली होती आणि मार्चअखेर कंत्राट संपत होतं. उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर शोधनिबंधावर पहिलं नाव त्याचं लागणार होतं.

"चांगला कायदा आहे," विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडची काच खाली ओढत रेनाटे म्हणाली. "म्हणून तर इथे कुणी सांगत नाही. आणि पेपरवाले रोज विचारतात, जर्मनीत पोरं का होत नाहीत. या मजल्यावर अकरा वर्षांत एक नाही झालं."

"तू प्रोफेसरांना सांगणार आहेस?"

"मी? मला काय माहीत आहे?"

शुक्रवारी वाल्डॉर्फच्या नोकरीवरून नवरा, हृषिकेश, आला की त्यांचा दोन दिवसांचा संसार सुरू व्हायचा. या वेळी तो बूट काढायच्या आधीच बोलू लागला. "अगं, जानेवारीपासून नवा नियम येतोय, २००७ पासून. मूल झालं की वर्षभर सरकार पगाराचा मोठा हिस्सा देणार. आपलं मेमध्ये, म्हणजे बसतंय."

"आणि माझी रीडिंग कोण घेणार, सरकार?"

"मग सांगून टाक ना. एका नावाचं काय एवढं?"

"तुझं असतं तर असं म्हणाला असतास?"

तो वाकून बूट काढू लागला.

"आई म्हणते, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये," ती म्हणाली.

एरवी आईच्या असल्या समजुतींचा ती पुरावा मागायची. ही एक तिनं विनापुरावा मान्य केली होती, कारण ती सोयीची होती.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, यू-बान मेट्रोमध्येच तिच्या पोटात कळ आली. लॅबऐवजी ती इस्पितळात पोहोचली तोवर कपडे रक्तानं भिजले होते. तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा स्क्रीन भिंतीकडे वळवला.

"तुमच्यामुळे झालेलं नाही हे. बहुतेक वेळा गुणसूत्रांतच चूक असते."

ऊर्मिलाला त्यामागचे आकडे पाठ होते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हेही तिला माहीत होतं. टोल्युइनमुळे झालं असाही नाही आणि त्यामुळे झालं नाही असाही नाही. आता जन्मभर तिला एवढंच म्हणता येणार होतं.

हृषिकेश दुपारच्या गाडीनं आला, दोन दिवस भात-वरण करत राहिला आणि गुरुवारी परत गेला. फोनवर आई म्हणाली, "बरं झालं बाई, कुणाला सांगितलं नव्हतं."

"हो," ऊर्मिला म्हणाली. कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणी भेटायलाही येणार नव्हतं.

शुक्रवारी ती कामावर गेली. आजारपणाच्या चिठ्ठीवर कारण लिहायचं नसतं. जिन्यात प्रोफेसर भेटले.

"बरं वाटतंय का आता?"

"हो. ताप होता."

"साथच आहे सध्या," म्हणून ते वर गेले.

वहीत मंगळवार ते गुरुवारचे रकाने तिनं आधीच आखून ठेवले होते. लॅबचा नियम होता, कोरी जागा तशीच सोडायची नाही. तिच्यावर तिरपी रेघ मारायची, तारीख घालायची आणि साक्षीदाराची सही घ्यायची. ऊर्मिलानं पट्टी लावून रेघ मारली. खाली लिहिलं, रीडिंग घेतलेली नाहीत. वही रेनाटेपुढे सरकवली.

रेनाटेनं रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"किती?"

"अकरा आठवडे."

रेनाटे एरवी सही म्हणून दोन अक्षरं खरडायची, तीही उभ्या उभ्या. आज तिनं हातमोजे काढले, स्टूल ओढून बसली, चष्मा लावला आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.