उजवीकडची सीट

ब्रेकमधली हवा एकट्याने काढता येत नाही. येते म्हणणारे मिस्त्री रोह्यात आहेत, नळी बाटलीत बुडवायची युक्तीही ते हौसेने दाखवतात. पण त्यांनी दुरुस्त केलेली गाडी उतारावरून येत असेल तर शहाण्या माणसाने रस्ता सोडून उभं राहावं, असं उबेद मिस्त्रीचं स्पष्ट मत होतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून हवा काढायचा निपल सैल करायचा. वरचा 'धरलंय' म्हणत नाही तोवर खालच्याने पाना फिरवायचा नाही. खालचा 'सोड' म्हणत नाही तोवर वरच्याने पाय उचलायचा नाही. मध्येच पाय उचलला की बाहेर गेलेली हवा परत आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तीस वर्षं उबेदसाठी हे पेडल दाबलं ते त्याच्या बायकोने, बतूलने.

लष्कराच्या लिलावातून निघालेल्या म्हाताऱ्या जीप उबेदकडे यायच्या. मुंबई-पुण्याचे शौकीन लोक त्या ट्रकवर घालून आणायचे. चाळणी झालेला पत्रा, उंदरांनी घर केलेलं इंजिन, बॉनेटखाली कुणा जवानाने खिळ्याने कोरलेलं नाव. ते नाव उबेद कधी घासून काढायचा नाही, रंगसुद्धा त्याच्याभोवतीने द्यायचा. सगळं जमून आलं की तो अंगणातून हाक मारायचा, "बतूल, पाय दे गो!" ती चुलीवरचं उतरवून, हात पुसत यायची आणि ड्रायव्हरच्या सीटवर राणीसारखी बसायची. अशा चाळीसेक जीपमध्ये ती बसली. पण एकीतूनही रोह्याच्या स्टेशनापर्यंत गेली नाही, कारण ब्रेक लागला की गाडी मालकाची व्हायची.

म्हणून पाच वर्षांपूर्वी उबेदने एक जीप स्वतःसाठी घेतली. महायुद्धाच्या काळातली, डाव्या हाताला स्टेअरिंग असलेली. आपल्या रस्त्यावर अशी गाडी म्हणजे डोक्याला ताप. पुढे ट्रक असला की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून सांगायचं, मोकळं आहे, घ्या पुढे.

बतूल हे ऐकून खूप हसली होती. "म्हणजे बायकोच्या सांगण्याशिवाय चालत नाय अशी गाडी बनवली त्या गोऱ्यांनी! मंग उजवीकडे मीच बसनार. पयली गाडी पेणला न्यायची, माझ्या माहेरी. वाट मी सांगनार."

उबेदने कबूल केलं. पण गिऱ्हाइकांच्या जीप आधी आणि आपली मागून, असं करता करता चार वर्षं गेली. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा बतूल टाळ्या वाजवत ओट्यावर उभी होती. त्यानंतर सव्विसाव्या दिवशी ती तापाने गेली. दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि आता चणे अंगणात उभे होते.

या गोष्टीला आठ महिने झाले. मुलगा फैजल दोह्याला होता. अब्बांनी एकटं राहू नये म्हणून त्याने शनिवारचं तिकीट पाठवलं होतं. जीप पुण्याच्या एका शौकिनाला द्यायची ठरली होती, गुरुवारी त्याचा ट्रक येणार होता. आज मंगळवार. जीप पेणला गेली तर ती उद्याच जाणार होती, नाहीतर कधीच नाही. आणि ब्रेकमध्ये हवा होती.

बाटलीची युक्ती उबेदने तीनदा केली. एरवी दुसऱ्यांना हसायचा, आता स्वतःच करत होता. तिन्ही वेळा पेडल मऊच लागलं. शेजारीपाजारी कुणीही दोन घटका पाय दिला असता. पण त्याला कुणाला सांगवेना. त्या पेडलवर दुसऱ्या कुणाचा पाय, हे त्याच्या मनाला पटतच नव्हतं.

दुपारी इंदुबाई आली. खाडीकडच्या मिठागरात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि बतूलशी तिची जुनी मैत्री. हातात बतूलचं पातेलं होतं.

"उबेदभाय, तुमी जाताव म्हणून आणलं. आठ महिनं ठेवून घेतलं होतं मी. देववतच नव्हतं."

"मंग ठेव ना. मी दोह्याला घेऊन जाऊन काय करू?"

तिने पातेलं पोटाशी धरलं. मग जीपकडे, मग जमिनीवर सांडलेल्या ब्रेक ऑइलकडे पाहिलं. "पाय द्यायला कोन नाय, व्हय?"

उबेदने हातातला पाना पुसला.

"मी देते. मिठागरात चिखल तुडवून जन्म गेला माझा. सांगा कसं करायचं."

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं, चपला काढल्या आणि देवळात शिरावं तशी बेताने सीटवर बसली. उबेदने एकदा नीट समजावलं आणि मागच्या उजव्या चाकाखाली सरकला. सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं.

"दाब. सोड. दाब. सोड. दाबून धर."

"धरलंय."

त्याने पाना फिरवला. नळीतून फेसाळ ऑइल आलं. निपल बंद. "सोड." पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झाल्यावर बुडबुडे विरळ झाले. हाताला लय सापडली, ऊन पाठीवर आलं, आणि निपल अजून उघडा असतानाच त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाबास, बतूल."

वरचा पाय दचकून उचलला गेला. नळीतलं ऑइल सर्रकन मागे ओढलं गेलं, त्याच्यामागून हवा. त्या चाकाची सगळी मेहनत गेली.

उबेद तसाच पडून राहिला. त्याला रडू येत होतं आणि बाहेर येऊन ते कुणाला दाखवायचं नव्हतं.  वर इंदुबाईने नाक ओढलं.

"चुकलं माझं. परत करू. तुमी काय म्हणायचं ते म्हणा, उबेदभाय. आता पाय नाय उचलायची मी."

संध्याकाळपर्यंत चारही चाकं झाली. त्याने आणखी दोनदा बतूलचं नाव घेतलं. पाय हलला नाही. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

"उद्या पेणला चल," तो म्हणाला. "वाट सांगायला माणूस लागतो उजवीकडे."

इंदुबाईने चपला घातल्या, पातेलं उचललं. "नाय. पाय दिला तेवढं बस. ती जागा तिची हाय." आणि ती निघून गेली.

बुधवारी सकाळी उबेद एकटाच निघाला. रोहा सुटलं नाही तोच धाटावच्या केमिकल कारखान्यांतून निघालेला एक टँकर पुढे आला, बैलगाडीच्या चालीने. उबेदला समोर टँकरची पाठ आणि त्यावरच्या धोक्याच्या पाट्या एवढंच दिसत होतं. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, पुढे जाताना पोरं वळून हसत होती. नागोठणं आलं, हायवे लागला. टँकरही पेणकडेच वळला. हायवेचं काम कधीचं चालूच आहे, तसं ते त्या दिवशीही चालूच होतं. वडखळपर्यंत टँकर पुढे आणि जीप मागे. शेजारची सीट उन्हाने तापत होती.

पेणला बतूलचा भाऊ अब्दुल सकाळपासून दारात उभा होता. जीप थांबली तसा तो धावत आला. आधी गाडीकडे आणि मग रिकाम्या सीटकडे बघत राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दुल्हाभाय, किती उशीर? आठला निघालेलाव ना?"

"टँकर होता पुढे."

"मंग काढायची ना गाडी पुढं!"

"डाव्या हाताची गाडी ही. समोरचं दिसत नाय."

"कोनाला तरी विचारायचं!"

उबेदने इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरच राहिले.

"विचारत होतो ना," तो म्हणाला. "रोह्यापासून विचारत आलो. 'बतूल, मोकळं हाय काय गो?' ती काय बोलली नाय. म्हणून मागंच ऱ्हायलो."