सात माणसांची टाकी
चाँद पाशा पाणी तापवायच्या सोलरच्या कामाला गेला की पाइप मोजायच्या आधी माणसं मोजायचा. घरात अंघोळ करणारी किती, त्यावरून टाकी किती लिटरची ते ठरवायचा. कळमनुरीपासून साखऱ्यापर्यंत त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. कुणी चुकला म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं.

"बिनदाबाचं काम हाये," साखऱ्याच्या उकंडरावांना तो सांगत होता. "गार पाण्याची टाकी वर, सोलरची खाली. हवेची नळी आभाळाकडं उघडी ठेवायची. पंप न्हाई, तकलीफ न्हाई. घरात माणसं किती?"

"सात. दोन पोरं, दोन सुना, दोन नातवंडं, आन मी."

वहीत दोनशे लिटर लिहून चाँद पाशा न्हाणीघर बघायला गेला. दोरीवर एकच टॉवेल होता, तोही विरलेला. शेजारच्या दोन्ही खोल्यांच्या कुलपांवर धूळ बसली होती. खोटं सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर तो एरवी चांगलाच तोंडसुख घ्यायचा. आज मात्र त्याने आवाज चढवला नाही.

"पोरं कुठं असतात?"

"पुण्याला. येणार हायत."

"मंग शंभराची बस झाली. दोनशेची लावली आन वापरणारं एकच माणूस असलं, तर पाणी नुसतं उकळून राहतं. नळ्यांत क्षार बसतो."

उकंडराव भडकले. "पोरं आल्यावर गार पाण्यानं न्हातील का? तुमच्या घरी केवढी हाये?"

"तीनशेची."

"बघा! आन माणसं किती?"

हा प्रश्न शेकडो घरांत त्यानेच विचारला होता. त्याला कुणी विचारला नव्हता. बायको मदीनाबी जाऊन चार वर्षं झाली होती. कलीम आणि जुनेद ही दोन्ही पोरं हैदराबादला होती, आणि दर ईदला त्यांचं येणं पुढच्या ईदवर जात होतं. हे तो अजून कुणाजवळ बोलला नव्हता.

"मी एकटाच," तो म्हणाला. "दुपारी वरच्या नळीतून वाफ निघती. खाट टाकून बघत बसतो. दुसरं काय करणार?"

उकंडरावांनी वही ओढून घेतली, दोनशेवर काट मारली आणि स्वतःच्या हातानं शंभर लिहिलं.

"शंभराचीच लावा, चाँदभाई," ते हळूच म्हणाले. "पण गावात कुणी इचारलं, तर दोनशेची सांगा."