चहा खाणाऱ्यांच्या गावचा पोपट

मी एक जुना पोपट आहे. म्हातारा म्हणालात तर चावेन.

बांगलादेशातल्या राजशाही शहराच्या विद्यापीठातल्या आंब्याच्या ढोलीत माझा जन्म झाला. पिंजरा मी कधी पाहिला नाही. मुलींच्या वसतिगृहाची खिडकी आणि मोती मामाची चहाची टपरी, ही माझी शाळा. तरुणपणी माझा काय दबदबा होता, मित्रांनो! एकदा साहित्याचे सर आले नाहीत, तर त्यांचा तास मी घेतला. हजेरीसुद्धा झाली. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

मग दिवस फिरले. मुलं कानात गाण्यांची बोंडं घालून हिंडू लागली. माझ्याशी बोलायची ती एकटी मेहजाबीन. बांगला साहित्य शिकत होती, आणि भाषांतर शिकायला तिला स्कॉटलंडला जायचं होतं. गेल्या वर्षी मुलाखतीत तिला नाकारलं होतं. यंदाची दुसरी खेप, आणि तिसऱ्यांदा तिथले लोक विचारत नाहीत. म्हणून तिच्या खोलीतल्या शिरीन आपाने इंग्रजीत उत्तरं लिहून दिली आणि मेहजाबीन महिनाभर खिडकीत बसून ती घोकत राहिली. "लहानपणापासून मला साहित्याची अतोनात ओढ आहे..." आणखी आठवडाभर चाललं असतं, तर आंबाही बोलू लागला असता.

"आपा, मधेच विसरले तर?"

"विसरायला तू काय माणूस आहेस? पोपट हो, पोपट."

माझी छाती फुगली.

मुलाखतीला तिने खिडकीशीच लॅपटॉप मांडला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. "साहित्यच का?" त्यांनी विचारलं. मेहजाबीनने तोंड उघडलं आणि मिटलं. पोरगी बुडतेय, हे मला पाहवेना. मी फांदीवरून खणखणीत सुरुवात केली, "लहानपणापासून मला..." ते थेट "आपली आभारी आहे" पर्यंत.

दाराआडून शिरीन आपा पुटपुटली, "मेल्या, मान मुरगाळते तुझी."

बाई म्हणाल्या, "हे उत्तर मला ओळखीचं आहे, जो तो हेच देतो. पक्ष्याचे उच्चार चांगले आहेत. आता तुमचं सांगा."

मेहजाबीन रडकुंडीला आली. "माफ करा. सकाळपासून नुसता चहा खाल्लाय, डोकं चालत नाही."

"चहा खाल्ला?"

तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "आमच्या भाषेत चहा खातात. पाणीही खातात. हवा खातात, बोलणी खातात, साहेब लाच खातो. आणि आई बाळाचा पापा खाते. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द शोधावा लागतो. पापा मिळतो, पण त्यातलं खाणं निसटतं. ते निसटू नये, म्हणून शिकायचंय मला."

बाई पुढे सरकल्या. "बोला. घाई नाही."

ती बोलतच राहिली. चुका पुष्कळ झाल्या. कुणी मोजल्या नाहीत.

निवड झाल्याचं कळलं, तेव्हा शिरीन आपा धपकन खाटेवर बसली. "अल्ला, सुटले."

"तू कशी सुटलीस?"

"उत्तरं माझी होती ना, बाई. बुडाली असतीस तर जन्मभर मी तुझी बोलणी खाल्ली असती."

दोघी हसत सुटल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा चांगल्या मूठभर मिरच्या मिळाल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे घोकण्याला पोपटपंची म्हणतात, असं ऐकलं. म्हणा, राग नाही. पण ती आमच्या पोटापाण्याची विद्या आहे, ती आमच्याकडेच राहू द्या. तुम्ही तुमची तोडकीमोडकी वाक्यं जपा. आणि ढोलीचं झाड तोडू नका, एवढं ऐका.

मेहजाबीन गेली. आता शिरीन आपा रोज खिडकीत मिरची ठेवते. "खा मेल्या," म्हणते. मग इकडेतिकडे बघून, अडखळत, तिलाही परदेशी शिकायला का जायचंय ते स्वतःच्या शब्दांत सांगून बघते. मी ऐकतो. पाठ मात्र करत नाही.